आधी प्रतिविष, मग प्लाझ्मा
घोणस चावलेल्या शेतकऱ्याचा जीव प्लाझ्मामुळे, म्हणजे रक्तातला द्रव भाग चढवल्यामुळे वाचला, असा तुम्ही छापलेल्या लेखाचा सूर आहे. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून लिहिते. घोणस किंवा फुरश्याचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. विष अंगात फिरत असताना नुसता प्लाझ्मा चढवला तर त्यातले हे घटकही खर्ची पडतात. विषाला अडवतं ते प्रतिविष, आणि तेच आधी शिरेतून द्यायला हवं.

रक्त गोठतंय का हे पाहायची तपासणी अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलि रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठणं बिघडलंय. नळी काचेचीच हवी हो, प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. प्रतिविष दिल्यावर दर 6 तासांनी हीच तपासणी पुन्हा करायची, कारण यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. नातेवाईक तासाभरातच विचारतात, "सिस्टर, रक्त का थांबत नाही?" त्यांना हे समजावून सांगावं लागतं.

दंशाच्या जागी ब्लेड मारून आणलेले पेशंट अजूनही येतात. रक्त गोठत नसताना ती चीर वाहतच राहते. कृपया कापू नका, करकचून बांधू नका. आणि लघवी लाल किंवा कमी झाली तर लगेच सांगा, घोणशीच्या विषाने मूत्रपिंडंही निकामी होतात.