लेबल, देश अन वऱ्हाडी माणूस

विषय काढला पुणेकरानं. म्हणजे आपलाच पोरगा, वरूडचाच, पण आयटीत गेल्यापासून 'ॲक्चुअली' म्हटल्याशिवाय त्याचं तोंडच उघडत नाही. नाशकाला वाईन टेस्टिंग करून आला अन पानठेल्यावर सगळ्यांना मोबाईलमधले बाटल्यांचे फोटो दाखवत सुटला. म्हणे लेबल पाहिलं की देशाचा स्वभाव कळतो. फ्रेंच लेबलवर वाडा अन गावाचं नाव, द्राक्ष कोणतं ते बहुतेक सांगतच नाहीत, असा त्यांचा नखरा. जर्मन लेबल म्हणजे लग्नपत्रिकेवरची निमंत्रकांची यादी, ट्रोकनबेरेनआउसलेजे एवढा एकच शब्द वाचता वाचता बाटली संपते. अन ऑस्ट्रेलियावाले मजेत जगणारे, येलो टेलच्या लेबलवर सरळ कांगारूच्या जातीचं जनावर उड्या मारते.

"अन टेस्टिंगमंदी करता काय?" शंकरभाऊनं इचारलं.

"ॲक्चुअली तोंडात फिरवायची अन थुंकायची."

"थुकाचंच हाये तं खर्रा काय वाईट हाये बे?"

तेवढ्यात मास्तर सरसावले. रिटायर झाले तरी तारीख सांगितल्याशिवाय त्यांना करमत नाही. २४ मे १९७६, पॅरिस, लेबल झाकून फ्रेंच परीक्षकांना वाईन पाजली तर पांढऱ्यात अन लालमध्ये, दोन्हीत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा! एक परीक्षक बाई तर आपला मार्कांचा कागद परत मागत होत्या. "म्हणजे लेबल झाकलं का देशाचा स्वभाव गायब," असं मास्तर म्हणाले.

"मास्तर, सातवीत तुमी मले नापास केलं तवा म्या बी पेपर परत मांगतला होता, तुमी देल्ला नाई," शंकरभाऊ म्हणाला. हे भांडण जुनंच आहे, त्यात थोडा वेळ गेला.

मग पुणेकर घसरला. म्हणे विदर्भाची वाईन निघाली तर लेबलवर बाजीवर झोपलेला माणूस टाकावा लागेल. हे ऐकून मला खरंच राग आला, पण माझ्या आधी शंकरभाऊच बोलला.

"रात्री दोन वाजता लाईन येते तवा पानी वलाले वावरात कोन जाते रे, तुहा बाप का पुन्याचा मॅनेजर? झोपलेला मानूस तुमाले दिसते, कारन तुमी येता दुपारी बारा वाजता लग्नाले. अन फ्रेंचाचा नखरा म्हनतं तू? थ्याईनं १९३५ मंदी कायदा केला, गावाचं नाव लेबलवर लावाचं असन तं माल त्याच शिवारातला पायजे. थ्या नावाचे पैसे शेतकऱ्याले भेटते बाप्पा. आपल्या संत्र्याले २०१४ मंदी जीआय भेटलं, म्हंजे हे नाव याच इलाख्याच्या मालाले लावाचं असा सरकारी शिक्का, नाव नागपूर, बागा आपल्या अमरावतीच्या वरूड-मोर्शीत, अन माल जाते उघड्या ट्रकात, कॅरेटवर नाव व्यापाऱ्याचं. बांगलादेशानं संत्र्यावरची आयात ड्युटी वाढवली का भाव आपला पडते. मले लेबल दे रे पह्यले, मंग त्याच्यावर झोपलेला मानूस काढ नाईतर गाढव काढ."

पुणेकर गप्प. मी तर म्हणतो हे बोलणं संत्र्याच्या प्रत्येक मीटिंगमध्ये लावलं पाहिजे, कारण आंबिया बहाराची संत्री गळून पडतात तेव्हा जीआयचं सर्टिफिकेट कोणाच्या कपाटात असते हे बागवाल्याला माहीतच नसते.

नागपूरच्या नावावरून मग वीस मिनिटं गेली, अमरावतीवाले एकीकडे, नागपूरचा एक जावई दुसरीकडे. जावई एकटाच होता, त्याला चहाचं बिल भरायला लावलं.

विषय परत वाईनवर आणला मास्तरांनी. फ्रान्समध्ये शातोनफ-द्यु-पाप नावाचं वाईनचं गाव आहे, तिथल्या मेयरनं १९५४ मध्ये हुकूम काढला की गावच्या हद्दीत उडत्या तबकड्यांनी उडायचं नाही अन उतरायचं नाही, उतरली तर जप्त. पुढे कॅलिफोर्नियावाल्यांनी ती तबकडीच एका वाईनच्या लेबलवर छापली.

"अन तबकडी उतरली का मंग?"

"नाही उतरली."

"म्हंजे ठराव लागू पडला! मास्तर, येत्या ग्रामसभेत मांडा, रानडुक्कर अन रोही यायले वावरात उतराची मनाई."

"मांडतो. पण नोटीस कोण बजावणार?"

"पुनेकर हाये ना. डुकराले म्हनन, ॲक्चुअली सर, धिस इज प्रायव्हेट प्रॉपर्टी."

पुणेकर स्वतःच इतका हसला की खर्रा घशात गेला, अन पाण्याचा गिलास शोधता शोधता सगळे उठले.