आठ महिन्यांत दोन लाइट गेले, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांत माशांच्या टाकीचे दोन एलईडी लाइट गेले, दुसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने "पाण्यात पाडला असेल" असं ऐकवलं, आणि आमचा माल डुप्लिकेट आहे. मुलगा जे बोलला ते चुकलंच. लाइट न उघडता गिऱ्हाइकावर ढकलायचं नसतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुम्ही ठेवून गेलेला लाइट काल रात्री मी स्वतः उघडला. ॲडॅप्टर ठीक आहे. लोडवर मीटर लावून बघितला, १२ व्होल्ट बरोबर येतात. बिघाड पट्टीत आहे. वायर आत शिरते त्या टोकाचं सिलिकॉन एका कडेने सुटलंय आणि आत तांब्यावर हिरवा कळंक चढलाय. "तीन-तीन दिवे एकदम विझतात" हे तुम्ही अगदी अचूक टिपलंत. १२ व्होल्टच्या या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेत. एकाचा टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, गंजला की तिघांची वीज तुटते. दिवे जळलेच नव्हते.

ओल आत गेली कशी, तर पट्टी दिवसभर तापते, रात्री बंद झाली की आतली हवा आकसते आणि फटीतून बाहेरची दमट हवा ओढून घेते. हे रोज चालतं. त्यात तुमच्या फोटोत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) नेमका लाइटखाली आहे आणि टाकीवर काच नाही, म्हणजे बुडबुडे फुटून तुषार सतत पट्टीवर. यात तुमचा दोष नाही. टाकीवर काच आहे का, हे विकतानाच आम्ही विचारायला हवं होतं. आणि पहिला लाइट आम्ही बदलून दिला, पण उघडून बघितला नाही. बघितला असता तर दुसरा वाचला असता. ही चूक माझी.

डुप्लिकेट मात्र नाही, ताई. कंपनीचं खरेदी बिल दाखवतो. खोक्यावरचे ५०,००० तास म्हणजे रोज ८ तास धरले तर १७ वर्षं, पण तो आकडा एलईडीच्या चिपचा. सिलिकॉन, टाके, ॲडॅप्टर त्यात धरलेले नसतात. तो आकडा सांगून लाइट विकणं आम्ही बंद केलंय.

फोटोतल्या आणखी एका गोष्टीची मला जास्त काळजी वाटली. वायर टाकीच्या काठावरून सरळ सॉकेटकडे उतरते. थेंब ओघळला तर थेट प्लगमध्ये जाईल. वायरला सॉकेटच्याही खाली येईल असा झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. मेन स्विच बंद करून हे आजच करा, नव्या लाइटची वाट बघू नका.

तुमच्यासाठी आयपी ६७ ची, म्हणजे थोडा वेळ पाण्यात पडली तरी आत ओल न जाणारी, पट्टी बाजूला काढून ठेवलीय. फरकाचे पैसे नकोत. टाकीचं आतलं माप आणा, वरची काच कापून देतो, तीही आमच्याकडून. एअर स्टोन मागच्या कोपऱ्यात सरकवा आणि काच आठवड्याला पुसत जा, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर उजेड अडवतो. लाइट नकोच असेल तर पैसे परत घ्या, बिल हरवलं असलं तरी चालेल.

उघडलेली पट्टी काउंटरवरच ठेवलीय, तो कळंक स्वतः बघा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज संध्याकाळी सहानंतर मी असतो.