कोंबडीत थिमेट भरण्याआधी

‘पुणेकरांनो सावधान! लंडनमध्ये कोल्हे घरात शिरले, आता आपला नंबर. दिसला की संपवा, रेबीज थांबवा.’ सुपे गावच्या मामांनी हा मेसेज व्हिडिओसकट घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, “थिमेट किती लागेल?” थिमेट म्हणजे पिकावरच्या किडीचं दाणेदार विष. म्हणून लिहितोय. एरवी असल्या फॉरवर्डला कोण उत्तर देत बसतो!

व्हिडिओतल्या प्राण्याच्या शेपटीचं टोक पांढरं आहे. सुपे-मोरगावच्या माळावर फिरणाऱ्या खोकडाचं, म्हणजे आपल्या छोट्या देशी कोल्ह्याचं, काळं असतं. म्हणजे व्हिडिओ तिकडचाच, तांबड्या कोल्ह्याचा. तिकडे शहरात तो कचऱ्यावरही पोसतो. आपलं खोकड उंदीर, टोळ, बोरं खाऊन माळावर राहतं, आणि ते माळच प्लॉटिंगमध्ये चाललेत. त्याच मेसेजात ‘संख्या बेसुमार वाढली’ म्हणणाऱ्याने मोजली कुठे?

रेबीजचं अर्धं खरं आहे, मान्य. कोल्ह्याला रेबीज होतो. 2024 मध्ये मुंबईत चेंबूरकडे तसा सोनेरी कोल्हा (खोकडाहून वेगळा, मोठा) सापडला होता. चावलाच तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि लस आणि सिरमसाठी (जखमेत देतात ते तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लगेच दवाखाना गाठा. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाला होणारा रेबीज 99 टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. आणि ‘संपवा म्हणजे थांबेल’ हे युरोपने करून पाहिलंय. गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला, तरी रोग पुढे सरकतच राहिला. एक मारला की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा तरणा येऊन बसतो. शेवटी 1978 मध्ये स्वित्झर्लंडने कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. तीच पद्धत वाढवत नेऊन पश्चिम युरोपने कोल्ह्यांचा रेबीज जवळपास हद्दपार केला. मामा, कोंबडी त्यांनीही टाकली होती. आत काय भरलं होतं ते बघा.

आता थिमेट. ‘मेलेल्या कोंबडीत दाणे भरून बांधावर ठेवा’ ही त्या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ. मुळात थिमेटवर देशात बंदी आहे. ती कोंबडी कोल्ह्यासाठी थांबणार थोडीच? धनगराची कुत्री खातील, घारी-कावळे टोचतील, उरलेलं ओढ्यात जाईल. उघड्या हातांनी दाणे भरणाऱ्याच्या कातडीतूनही ते आत जातं. वर कोल्हा आणि खोकड दोन्ही 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला किमान 3 वर्षं कैद.

कोल्ह्याच्या शिंगाने पैसा येतो, हेही त्याच मेसेजात आहे. कोल्ह्याला शिंग नसतं. पुढे.

कोंबड्या जातात, हे खरंच आहे. खुराड्याची जाळी वीतभर जमिनीत पुरा, मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी फेकणं थांबवा. करडू गेलं तर वनखात्याला लगेच कळवा, भरपाई मिळते. पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवू नका.