मोनाकोची शर्यत ‘जशीच्या तशी’ कधीच नव्हती

मे महिना लागला की हापूसच्या भावांबरोबर आमच्या ग्रुपवर आणखी एक पोस्ट हमखास फिरते. मोनाकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा ‘इतिहास’. खाली चाळीसेक लाइक, दहा-बारा ‘वा, छान माहिती’. पोस्टचा गोषवारा असा: ही शर्यत १९२९ साली तिथल्या राजाने श्रीमंत पाहुण्यांच्या करमणुकीसाठी सुरू केली. तेव्हापासून एकही वर्ष न चुकता, त्याच रस्त्यांवर, इंचभरही बदल न होता ती चालू आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की पुढे जाताच येत नाही, त्यामुळे जो पहिल्या जागेवरून सुटतो तोच जिंकतो. १९८४ साली आयर्टन सेना या ब्राझिलियन ड्रायव्हरचा विजय फ्रेंचांनी कट करून लाटला. अधूनमधून एखादी गाडी समुद्रात पडतेच. आणि २०२४ मध्ये शार्ल लक्लेर जिंकला, तोपर्यंत मोनाकोच्या एकाही माणसाला घरची शर्यत जिंकता आली नव्हती.

यातलं १९२९ हे साल बरोबर आहे.

राजापासून सुरुवात करू. दुसऱ्या लुई राजाचा पाठिंबा होता हे खरं, पण डोकं अँतोनी नोगेस या गृहस्थाचं. वडील स्थानिक मोटार क्लबचे अध्यक्ष आणि मुलगा त्यांचा उजवा हात. सायकल चालवणाऱ्यांचा हा जुना क्लब १९२५ साली ‘ऑटोमोबिल क्लब द मोनाको’ झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेत राष्ट्रीय क्लब म्हणून जागा मागितली, तर नकार आला. कारण असं की तुमची नावाजलेली माँटे कार्लो रॅली धावते सगळी दुसऱ्यांच्या देशातल्या रस्त्यांवरून, तुमच्या स्वतःच्या हद्दीत काय होतं? आता दोन चौरस किलोमीटरच्या देशात शर्यत घ्यायची कुठे? नोगेसने गावातलेच रस्ते पायी पालथे घातले आणि बंदर, कसिनो, बोगदा असा फेरा जुळवला. थोडक्यात, या शर्यतीच्या मुळाशी ऐश नाही, सदस्यत्वाचा नाकारलेला अर्ज आहे. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ही चीड लगेच कळेल.

श्रीमंतांच्या करमणुकीचं म्हणाल, तर १४ एप्रिल १९२९ ला पहिली शर्यत जिंकली विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने. बाप इंग्रज, आई फ्रेंच, आणि हा एकेकाळी चित्रकार विल्यम ऑर्पेन यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून नोकरीला होता. हिरव्या बुगाटीत बसून त्याने १०० फेऱ्या चार तासांच्या जरा आत संपवल्या. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिशांचा हेर म्हणून फ्रान्समध्ये उतरला, १९४३ साली पकडला गेला आणि जर्मनांनी त्याला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मारलं. पाहुण्यांच्या करमणुकीच्या गोष्टीत हा माणूस बसत नाही, म्हणून पोस्टमध्ये तो नाही.

‘एकही वर्ष न चुकता’ हे तर मोजूनच पाहावं. १९२९ ते १९३७ सलग नऊ शर्यती झाल्या. १९३८ ला झाली नाही, मग युद्ध, आणि गाडी पुन्हा सुरू झाली ती थेट १९४८ ला. पुढच्याच वर्षी लुई राजा वारला, १९४९ गेलं. १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं आणि त्यात मोनाको होती, पण १९५१ ला पुन्हा नाही. १९५२ ला झाली ती चक्क स्पोर्ट्स गाड्यांची, म्हणजे ज्या उघड्या चाकांच्या गाड्यांसाठी मोनाको ओळखली जाते त्या नव्हत्याच. १९५३ आणि ५४ कोरी. सलगपणा जो काही आहे तो १९५५ ते २०१९ असा पासष्ट वर्षांचा, आणि तोही २०२० मध्ये कोविडने मोडला. १९२९ ते २०२५ ही सत्त्याण्णव वर्षं होतात, शर्यती भरल्या ब्याऐंशी. पंधरा खाडे असलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण हजेरीचं बक्षीस कुठली शाळा देईल?

बरं, ‘त्याच रस्त्यांवर’ यात अर्धं सत्य आहे. सेंत देव्होतच्या चर्चपासून वर कसिनोच्या चौकाकडे जाणारा चढ, तिथून मिराबोकडची उतरण, मग समुद्राला लागून येणारा पोर्तिएचा कोपरा. हा भाग नोगेसने आखला तसाच ओळखू येतो. इंचभर बदल नाही म्हणणं मात्र फोटो न पाहता बोलणं झालं. पूर्वी बंदराच्या टोकाला गॅसच्या टाक्यांपाशी एक अगदी आवळलेलं वळण होतं आणि त्याला नावच गाझोमेत्र. ते १९७३ साली गेलं. त्याच वर्षी बंदराच्या काठाला नव्या पोहण्याच्या तलावाभोवती सापासारखा नवा तुकडा जोडला आणि रास्कास रेस्टॉरंटला वळसा सुरू झाला. आज टीव्हीवर जिथे गाड्या कठड्याला घासताना दिसतात, तो तलावाजवळचा भाग १९२९ च्या माणसाने पाहिलेलाच नाही. त्याआधी एक वर्ष, फक्त १९७२ साली, पिट, म्हणजे टायर बदलायच्या आणि दुरुस्तीच्या जागा, उचलून भलतीकडेच नेले होते. बोगद्यानंतरचं शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम घातलेलं नागमोडी वळण) १९८६ ला बदललं, तलावाजवळची वळणं १९९७ ला सैल केली, २००३ साली समुद्रात भर टाकून रास्कासकडचा भाग सरकवला, आणि त्यानंतर कुठे संघांना धड गॅरेजं मिळाली. लांबीच घ्या ना: सुरुवातीला ३.१८ किलोमीटर, आता ३.३३७.

मला यातली सर्वात आवडती गोष्ट म्हणजे सगळ्यात हळू वळणाचं नाव. तिथे रेल्वे स्टेशन होतं तेव्हा ते ‘स्टेशन’. स्टेशन पाडून लोएव्स हॉटेल उभं राहिलं तेव्हा ‘लोएव्स’. हॉटेलचा मालक बदलला, आता ‘फेअरमाँट’. घाटातलं वळण वाटावं असा तो कोपरा. रस्ता तिथेच आहे, पण शेजारच्या इमारतीच्या पाटीप्रमाणे त्याचं बारसं होत राहिलं. त्याच हॉटेलामुळे बोगदाही लांबला. आपल्याकडे सिनेमा टॉकीज पाडून मॉल झाला तरी बसथांब्याला जुनंच नाव राहतं. तिथे उलटं झालं.

आता पोस्टमधलं सर्वांना पटणारं वाक्य: पोल (पहिल्या जागेवरून सुटणं) म्हणजे विजय. इथे मी थोडा थांबतो, कारण हे वाक्य आजच्या मोनाकोबद्दल बऱ्यापैकी खरं आहे आणि इतिहास म्हणून खोटं. १९५० ते २०२५ या काळात अजिंक्यपदाच्या ७१ शर्यती इथे झाल्या. पोलवरून सुटलेला त्यातल्या ३३ वेळा जिंकला, म्हणजे निम्म्याहून कमी. पण हा आकडा दोन भागांत कापून बघा. २००३ पर्यंतच्या ५० शर्यतींत १८ वेळा. २००४ पासूनच्या २१ शर्यतींत १५ वेळा. ज्याने टीव्हीवर फक्त गेली वीस वर्षं पाहिली त्याला ‘हे असंच असतं’ वाटणं स्वाभाविक आहे. २०२४ ला तर पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोहोचले. दुसऱ्या वर्षी फॉर्म्युला वनच्या नियामक संघटनेने मोनाकोपुरता दोनदा टायर बदलण्याचा नियम आणला, तरी पोलवरचा नॉरिसच जिंकला.

मग पूर्वी काय वेगळं होतं? पुढे जाणं तेव्हाही सोपं नव्हतं. गाड्या मोडत होत्या. हाताने गिअर टाकायचे, आणि तेही या वळणावळणाच्या रस्त्यावर शर्यतभर हजारो वेळा. गिअरबॉक्स, ब्रेक, क्लच, ड्रायव्हरचे तळवे, काहीतरी दगा द्यायचंच. जिम क्लार्कसारखा माणूस इथे चारदा पोलवर होता आणि मोनाको एकदाही जिंकला नाही. १९८२ ला शेवटच्या तीन फेऱ्यांत पुढचे सगळे एकामागून एक गळाले: प्रॉस्ट आपटला, पात्रेसे गरगरला, पिरोनी बोगद्यात बंद पडला, दे चेझारिसचं पेट्रोल संपलं, डेलीचा गिअरबॉक्स बसला. गरगरलेला पात्रेसे पुन्हा चालू होऊन रेषा ओलांडून गेला, तेव्हा आपण जिंकलोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. १९९६ च्या पावसात चौदाव्या जागेवरून सुटलेला ऑलिव्हिए पानीस जिंकला. शेवटी रस्त्यावर धावत होत्या तीन गाड्या.

पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत कशी होते ते १९९२ सारखं कुठेच दिसत नाही. नायजेल मॅन्सेलने त्या मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकलेल्या, इथेही पोल, शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत आरामात पुढे. अचानक चाकाचा संशय, पिटमध्ये धाव, बाहेर येतो तर सेना पुढे. नव्या टायरवर मॅन्सेल दर फेरीला कित्येक सेकंद खात आला, डावीकडून, उजवीकडून, आरशात मावणार नाही इतका जवळ. सेनाने जागा दिली नाही. अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने मॅन्सेल दुसरा. म्हणजे ओव्हरटेक अशक्य होता हे खरं, आणि तरीही पोलवाला हरला. पोस्ट लिहिणाऱ्याने ही दोन वाक्यं एकच समजली.

सेनाचं नाव निघालंच आहे तर १९८४. मुसळधार पाऊस, टोलमनसारखी सामान्य गाडी, तेराव्या जागेवरून सुटलेला नवखा पोरगा पुढच्या फ्रेंच प्रॉस्टला गाठतोय आणि बत्तिसाव्या फेरीला लाल बावटा. शर्यत थांबवणारा जॅकी इक्स हा पोर्शेचा ड्रायव्हर, आणि प्रॉस्टच्या मॅकलारेनमधलं इंजिन पोर्शेने बनवलेलं. कटाला लागणारं सगळं साहित्य हजर! फक्त इक्स बेल्जियन होता, फ्रेंच नव्हे. स्ट्युअर्ड्सना, म्हणजे शर्यतीच्या पंचांना, न विचारता निर्णय घेतला म्हणून त्याला पुढे दंडही झाला, तेव्हा त्याची चूक कुणी झाकली असंही नाही. आणि सेना जिंकलाच असता म्हणता, तर त्याच्याही मागून स्टेफान बेलोफ आणखी वेगाने येत होता, शेवटच्या जागेवरून सुटून. त्याचा टायरेल संघ नंतर बाद ठरला म्हणून निकालात त्याचं नाव सापडत नाही, एवढंच.

गंमत पुढे आहे. शर्यत अर्धवटच थांबल्याने गुण अर्धे मिळाले आणि प्रॉस्टला नऊऐवजी साडेचार. वर्षाअखेर तो अजिंक्यपद निकी लाउडाकडून अर्ध्या गुणाने हरला. शर्यत पूर्ण होऊन तो नुसता दुसरा आला असता तरी सहा गुण मिळून जगज्जेता ठरला असता. प्रॉस्टच्या भल्यासाठी रचलेल्या कटाने प्रॉस्टचंच घर जाळलं म्हणायचं.

समुद्राचं थोडक्यात. शर्यतीत ड्रायव्हर बंदरात पडल्याच्या घटना दोनच: १९५५ ला आल्बेर्तो अस्कारी, १९६५ ला पॉल हॉकिन्स. दोघंही पोहून वर आले. अस्कारी मात्र चारच दिवसांनी इटलीत मोन्झाला सराव करताना मारला गेला. मोनाकोचा खरा धोका पाण्याचा नव्हता, आगीचा होता. १९६७ साली लोरेन्झो बान्दिनीची फेरारी शिकेनपाशी गवताच्या गठ्ठ्यांत उलटून पेटली आणि तीन दिवसांनी तो वारला. त्या वर्षी १०० फेऱ्यांची असलेली ही शर्यत पुढच्या वर्षीपासून ८० फेऱ्यांची झाली. आज ७८ आहेत. ‘इंचभरही बदल नाही’च्या यादीत हेही धरा.

राहता राहिला घरचा माणूस. लक्लेरने सोसलं भरपूर: २०२१ ला पोल मिळूनही गाडी बिघडल्याने सुटताच आलं नाही, २०२२ ला पोलवरून चौथा, मग २०२४ ला एकदाचा जिंकला. पण तो पहिला नव्हे. १९३१ साली लुई शिरॉनने बुगाटीत ही शर्यत जिंकली होती, आणि तो जन्माने मोनाकोचाच. १९५५ ला, पंचावन्न वर्षांचा असताना, याच रस्त्यांवर तो सहावा आला. त्यासाठी कुठला ग्रंथ चाळायलाही नको होता. तलावाजवळच्या पहिल्या वळणाला ‘लुई शिरॉन’ असंच नाव आहे. जिंकण्यासाठी त्या दिवशी लक्लेर तिथून ७८ वेळा गेला.