क्लिक बीटल ही काजव्यांपुढची पायरी नव्हे

क्लिक बीटलविषयीचा एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे, की काजव्यांसारखे मऊ अंगाचे भुंगेरे हे मूळचे व आदिम असून त्यांच्या एका शाखेचे कवच टणक होत जाऊन अखेरीस टक् असा आवाज करत उडी मारणारे क्लिक बीटल घडले. अमेरिका खंडांतले चमकणारे क्लिक बीटल हा या दोहोंमधला दुवा होय, कारण प्रकाश त्यांना काजव्यांकडून वारशाने मिळाला. आणि या कीटकांची कुले, म्हणजे वर्गीकरणातले जवळच्या प्रजातींचे गट, सारखी बदलली जातात, त्यावरून वर्गीकरण हा निव्वळ मतामतांचा प्रश्न ठरतो. या साऱ्यात एकच गोष्ट बरोबर आहे, ती म्हणजे काजवे आणि क्लिक बीटल एकमेकांचे नातलग आहेत.

प्रथम क्रमाचा मुद्दा. मऊ अंगाच्या भुंगेऱ्यांना पूर्वी कँथॅरॉइडिया हे स्वतंत्र अधिकुल, म्हणजे नातलग कुलांचा गट, दिलेले होते. 1988 मध्ये कीटकशास्त्रज्ञ लॉरेन्स यांनी ते इलॅटेरॉइडिया या अधिकुलात, म्हणजे क्लिक बीटलांच्याच घरात, विलीन केले. या अधिकुलाच्या वंशवृक्षात बुंध्याजवळ फुटणाऱ्या फांद्या पाहिल्या, तर तेथे युक्नेमिडी आणि थ्रॉसिडी यांसारखी टणक कवचाची कुले भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांना टक् करणारी यंत्रणाही असते. काजव्यांची फांदी त्यांच्या बरीच वर, क्लिक बीटलांच्या लगत फुटते. तेव्हा मजकुरातला क्रम नेमका उलटा आहे: टणकपणा जुना, आणि मऊपणा मागाहून, तोही वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी आलेला.

हे कसे घडते, ते ड्रिलस या भुंगेऱ्यात अगदी जवळून पाहता येते. याची अळी गोगलगायींवर जगते. शंखात शिरून ती आतला प्राणी फस्त करते. नर पंखांचा, काही मिलिमीटर लांबीचा आणि कंगव्यासारख्या शृंगिकांचा (डोक्यावरच्या स्पर्शकांचा) असतो. मादी मात्र त्याच्या कित्येक पट मोठी, बिनपंखांची आणि प्रौढ झाल्यावरही अळीसारखीच दिसणारी असते, कारण तिच्या शरीराचे रूपांतर अर्धवटच होते. हे ध्यान क्लिक बीटलांशेजारी ठेवावे असे केवळ रूप पाहून कोणाला सुचले नसते, आणि म्हणूनच दीर्घकाळ त्याला ड्रिलिडी हे वेगळे कुल दिलेले होते. जनुकीय क्रमांची तुलना झाली तेव्हा ते क्लिक बीटलांच्या इलॅटेरिडी या कुलाच्या आतच निघाले. सेब्रिओ या भुंगेऱ्याची कथाही अशीच: त्याची मादी जमिनीखाली राहते, त्यालाही एकेकाळी स्वतंत्र कुल होते, आणि आज तोही इलॅटेरिडीतच गणला जातो. विकास मध्येच थांबला की कवच मऊ राहते, पंख आखूड होतात किंवा येतच नाहीत. अशा शरीराला आदिम म्हणणे म्हणजे पिकण्याआधी गळालेल्या फळाला बी समजण्यासारखे आहे.

मऊपणाबरोबर टक् करण्याची क्षमता का जाते, हे यंत्रणा पाहिली की कळते. छातीच्या पहिल्या खंडाच्या खालच्या अंगाला मागे रोखलेला एक काटा असतो आणि त्याच्यासमोर दुसऱ्या खंडात एक खोबण असते. उताणा पडलेला बीटल अंगाची कमान करतो तेव्हा काट्याचे टोक खोबणीच्या कडेला अडकते, मोठा स्नायू सावकाश आकसत जातो आणि कवच स्प्रिंगसारखे ताणले जाते. मग टोक सटकते, काटा एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात खोबणीत आदळतो आणि बीटल हवेत सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत फेकला जातो. पायांचा या उडीशी काही संबंध नसतो. हा सारा खेळ कवचाच्या ताठरपणावर आणि सांध्याच्या घट्ट बसणीवर चालतो, त्यामुळे कवच मऊ पडले की तो संपतो.

प्रकाशाबाबत मजकूर अधिकच घसरतो. पायरोफोरस या चमकणाऱ्या क्लिक बीटलाचे दोन दिवे छातीच्या पहिल्या खंडाच्या मागच्या कोपऱ्यांजवळ असतात, काजव्याचा दिवा पोटाच्या टोकाशी असतो. केवळ जागेच्या फरकावरून निर्णय करता येत नाही, हे मान्य. परंतु 2018 मध्ये दोन काजवे आणि इग्नेलॅटर ल्युमिनोसस हा चमकणारा क्लिक बीटल यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली, आणि त्यांतली ल्युसिफरेज विकरे, म्हणजे प्रकाशाची रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, मेदाम्लांवर काम करणाऱ्या सामान्य विकरांपासून स्वतंत्रपणे घडली असावीत, असे तिच्यातून दिसले. दोघे प्रकाशासाठी ल्युसिफेरिन हे एकच द्रव्य वापरतात, म्हणून फसगत होते.

राहिला वर्गीकरण बदलण्याचा आक्षेप. सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये चमकणाऱ्या जातीला इलॅटर नॉक्टिलुकस असे नाव देऊन क्लिक बीटलांतच बसवले होते, आणि ते स्थान आजही टिकून आहे. म्हणजे सगळेच बदलते असे नाही. जे बदलते ते पुरावा आल्यावर बदलते. चीनच्या युनानमधला सायनोपायरोफोरस हा भुंगेरा टक् करतो आणि चमकतोही. 2019 मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा त्याला क्लिक बीटलांच्या कुलात एक उपकुल मिळाले. 2021 मध्ये जनुकसंचाधारित विश्लेषणात तो काजव्यांच्या शाखेत, तिच्या अगदी बुंध्याशी निघाला आणि त्याला स्वतंत्र कुल देण्यात आले. मजकूर पुढे पाठवणारे याच भुंगेऱ्याकडे बोट दाखवून 'हा पाहा दुवा' म्हणतील. पण मऊ अंगाच्या काजव्यांच्या फांदीच्या मुळाशी टक् करणारा भुंगेरा उभा असेल, तर तो दुवा त्यांच्या क्रमाच्या विरुद्ध दिशेने साक्ष देतो.