घरी सोडल्यानंतरचे महिने

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले आणि इथे जर्मनीत माझा फोन थांबेना. "तुला झालं होतं ना हे? मग तूच सांग." तिकडे वाद चालले होते विहिरीच्या पाण्यावर, कॅम्पिलोबॅक्टर जंतूवर, आयव्हीआयजी या अँटिबॉडीच्या इंजेक्शनच्या खर्चावर. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच भागातल्या धायरीहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला तो वेगळाच. "ताई, ह्यांना आज घरी सोडलं. उभं राहवत नाही अजून. आता काय करायचं?"

या प्रश्नावर कुठे चर्चाच नव्हती.

जीबीएसमध्ये अनेकदा आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरच्या मायेलिनच्या आवरणावर हल्ला करते. इंजेक्शनने किंवा प्लाझ्मा बदलून तो हल्ला आवरता येतो. आवरण पुन्हा तयार व्हायला मात्र महिने लागतात. सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात, पण तोवर हातापायांना सगळं नव्याने शिकवावं लागतं.

मला हॉस्पिटलमधून थेट पुनर्वसन केंद्रात हलवलं. इथे त्याला नुसतं 'रेहा' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारीने, एक शर्ट पुढ्यात ठेवला आणि स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मधलं एक बटण लावायला मला अर्धा तास लागला. ती मदतीला आली नाही. बटण लागलं, तशी म्हणाली, आता झोपा. दमून गळून जाण्याआधी थांबायचं, हा तिथला पहिला धडा. कामावरही मी आधी रोज दोन तास, मग चार, अशी परतले. आजारपणाच्या रजेत पहिले सहा आठवडे कंपनी पगार देते, नंतर आरोग्य विमा त्यातला मोठा भाग देतो. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत, पहिले सहा धरून. हे फुकट नाही, दर महिन्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. मला ती कधी जड वाटली नाही.

पण रविवारी थेरपी नसे. त्या खोलीतली संध्याकाळ मी विसरलेले नाही. धायरीच्या घरात बाईंच्या यजमानांभोवती चार माणसं होती, माझ्याजवळ एकही नव्हतं. फक्त त्या चौघांना कुणी काही शिकवलं नव्हतं. सासूबाई घास भरवत होत्या, "तू दमशील" म्हणून. मी म्हटलं, सांडू द्या, त्यांनाच खाऊ द्या. मालीश करण्याआधी विचारा; मला तेव्हा चादरीचा स्पर्शही भाजल्यासारखा व्हायचा. आणि "जरा जोर लाव" असं कुणी म्हणू नका.

हे फोनवरून मी का सांगावं? मोफत उपचारांची घोषणा झाली ती योग्यच होती, पण ती इंजेक्शनपाशी संपू नये. घरी सोडताना फिजिओथेरपिस्टने घरच्यांना समोर बसवून तासभर शिकवावं, लिहून द्यावं, अडलं तर कुणाला विचारायचं तो नंबर द्यावा, आणि पुढचे सहा महिने आठवड्यातून एकदा कुणीतरी घरी यावं. घरात माणसं असताना यासाठी जर्मनीइतका पैसा लागत नाही.

परवा बाईंना पुन्हा फोन केला. शर्टाची बटणं स्वतः लावतात म्हणाल्या, फक्त गळ्याचं लागत नाही. मी म्हटलं, मलाही तेच सगळ्यात शेवटी लागलं.