आधी मुकादमाला शिकवा

बातमीत म्हटलंय मनपाच्या स्टाफला आता आयगॉट कर्मयोगी या सरकारी ट्रेनिंग पोर्टलवर ऑनलाइन कोर्स कंपल्सरी. छान. आमच्या भावजींच्या ऑफिसात एकाच पोराकडे सगळ्यांचे लॉगिन आहेत, व्हिडिओ म्यूटवर चालू, सर्टिफिकेट तयार 😄 आणि गटारात उतरणारा माणूस ठेकेदाराचा, आस्थापना विभागाच्या रजिस्टरला त्याचं नावच नाही मग त्याला ट्रेनिंग देणार कोण? 2013 च्या कायद्याने सेफ्टी किटशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे, हे मुकादमाला तरी माहितीये का? लाड-पागे समितीच्या शिफारशीने नोकरी मिळालेल्या सफाई कामगारांच्या वारसांचंही तेच, वडिलांच्या जागी पोरगा लागला की दुसऱ्या दिवशी हातात झाडू, ना ग्लोव्हज ना कोणी दोन शब्द समजावून सांगितलेले. क्लार्क लोकांना एक्सेल नंतर शिकवा हो.